खाली जाणारे बुडबुडे

आज मंडईत लिंबू सोडा घेतला, ग्लासात बुडबुडे सुर्रकन वर आले आणि मला एकदम आमची कॉलेजची लॅब आठवली! स्टीलची बंद टाकी, आत पाणी, खालून सोडलेली हवा, आणि आत काय चाललंय ते बघायला सेकंदाला शेकडो फोटो काढणारा एक्स-रे कॅमेरा. आठवडाभर स्क्रीनवर नुसता करडा धूर दिसत होता. सर म्हणाले होते, "आज दिसलं नाही तर तुझा प्रोजेक्ट बदलू." म्हणून मी सकाळी कॅमेरा काढून टाकीच्या आणखी जवळ बसवला, बाहेरच्या खोलीत येऊन स्क्रीनला चिकटले, आणि बुडबुडे दिसले की! पण सगळे खाली चाललेले. सरांनी लगेच फळ्यावर समीकरणं मांडली, मीही तावातावाने भर घातली, चांगला तासभर. शेवटी आमचे टेक्निशियन काका चहाचा कप ठेवत म्हणाले, "अहो सर, हिने कॅमेरा उलटा बसवलाय. तुमचं गणित आटपलं की सांगा, फिरवतो." सर इतके हसले की हातातला खडू पडला. काकांनी कॅमेरा फिरवला, आणि जाड स्टीलच्या आत बुडबुडे एकमेकांना गिळत वर निघाले. "प्रोजेक्ट हाच ठेव," सर स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले. आता नोकरीतही नवा कॅमेरा आला की मी आधी त्याच्यावर खडूने बाण काढते आणि लिहिते, 'वर'.