पाटीपायी गेलेला दवाखाना

मालुबाईंच्या तोंडी लागू नये, हे सीमाभागातल्या आमच्या अनगोळच्या गल्लीत पोरांना चालायच्या आधी शिकवतात. नवरा महादेवआप्पा साखरेचा पेशंट. पायाला जखम, दिवसाआड पट्टी बदलायची, आणि दवाखान्याला जायला दोन बस. बसच्या पायऱ्या चढता-उतरता भरत आलेली जखम पुन्हा उघडायची.

म्हणून सरकारी दवाखाना गल्लीतच, तरुण मंडळाच्या खोलीत मंजूर झाला, तेव्हा मालुबाईंनी पेढे वाटले. कुणाला फुकट मीठ देणारी बाई नव्हे ती.

मग दवाखान्याच्या पाटीचं निघालं. मंडळाचा ज्योतिबा म्हणाला, वर मराठी. समोरचा दुकानदार यल्लाप्पा म्हणाला, वर कन्नड. दोघे रोज एकाच कट्ट्यावर चहा पिणारे, एकमेकांच्या भाषेत अस्खलित शिव्या देणारे. पण तीन महिने निवेदनं आणि घोषणा! आरोग्य खात्याचे साहेब कंटाळले आणि त्यांनी दवाखाना गावाबाहेरच्या नव्या लेआउटला, म्हणजे प्लॉट पाडलेल्या बंगल्यांच्या वसाहतीत हलवला. तिथं माणसांपेक्षा मोटारी जास्त. आमच्या या दोन्ही शहाण्यांनी, समोरच्याची पाटी वर लागली नाही म्हणजे आपणच जिंकलो, म्हणून गुलाल उधळला.

मालुबाई कट्ट्यावर आल्या.

"झाली व्हय पाटी? आता ह्यांचा पाय कोण बघणार? सोमवारी ज्योतिबा, बुधवारी यल्लाप्पा, शुक्रवारी परत ज्योतिबा. गाडीवरनं न्यायचं, आणायचं. न्हाय म्हणालासा तर तुमच्या बायका हाइत आणि मी हाय."

दोन महिने हे दोघे पुढारी आळीपाळीनं म्हाताऱ्याला मागं बसवून लेआउटला जात होते. रांगेत अर्धा दिवस जायचा. ज्योतिबाची कंबर धरली, यल्लाप्पाचं दुकान बंद राहू लागलं. खड्ड्यात आप्पा कण्हले की दोघांनाही सारखंच कळायचं.

शेवटी दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या. आठवड्यातून तीन दिवस नर्सबाई मंडळाच्या खोलीत बसू देत, पाटी नसली तरी चालेल. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि मंजूर केला.

पहिल्या सोमवारी ज्योतिबा सवयीनं गाडी घेऊन दारात आला. आप्पांनी त्याला हातानंच नको म्हटलं, काठी घेतली आणि एकटेच खोलीकडं निघाले. मालुबाई उंबऱ्यावर उभ्या.

मी म्हटलं, "आक्का, हात तरी द्या की."

"गप रं," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "दोन वर्सांनी कुणाच्या आधाराबिगर कुठंतरी निघाल्यात. जाऊ देत."