माडाच्या आळ्यातले सेल

मनवेलपाड्याच्या आमच्या शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. ई-कचऱ्याचा विषय निघाला की माझ्या अंगात येतं. संपलेले सेल, तुटके चार्जर, बंद पडलेले मोबाइल मुलांकडून गोळा करायचे, वर्गातल्या खोक्यात साठवायचे आणि खोका भरला की संकलन केंद्रावर स्वतः नेऊन द्यायचा, हा नेम मी कधी मोडला नाही. "मातीत गेलं की पाण्यात, पाण्यात गेलं की पोटात," हे माझं वाक्य मुलं झोपेतसुद्धा म्हणतील.

गेल्या हिवाळ्यात त्यांना गिरीजला आमच्या वाडीत घेऊन आले. इमारतींत वाढलेली पोरं, केळीच्या घडाचेही फोटो काढत होती. विहिरीचं पाणी प्यायली, बाटल्याही भरून घेतल्या. तेवढ्यात माडाखाली काटकीने माती उकरत बसलेली एक मुलगी उठून माझ्याकडे आली. वर्गात ती सहसा तोंड उघडत नाही. तिच्या तळहातावर गंजून फुटलेला सेल होता.

"टीचर, हा इथे कसा?"

कसा ते मला चांगलं ठाऊक होतं. माडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात मीठ, राख, मासळी धुतलेलं पाणी आणि गंजके खिळे घालायची आमच्या घरची जुनी चाल. लोखंडाने माड धरतो, असं माझे सासरे म्हणतात. खिळ्यांच्या मागोमाग सेल कधी गेले, कोणाला कळलंच नाही. वरचा पत्रा गंजतो, आतली पूड राखेसारखी, म्हणजे खतच की! आणि रिमोटमधले संपलेले सेल सासऱ्यांसाठी पडवीतल्या फळीवर कोण ठेवत होतं? मीच. शाळेतला खोका शाळेचा, घरची फळी घरची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"चुकून पडला असेल गं," मी म्हणाले.

पडवीत सुपारी कातरत बसलेल्या सासऱ्यांनी मान वर केली. मुलीने सेल रुमालात बांधला आणि आपल्या बाटलीतलं विहिरीचं पाणी हळूच जमिनीवर ओतून टाकलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी वर्गात उभी राहिले आणि सांगून टाकलं. मी खोटं बोलले, ते सेल माझ्याच घरातले. वर्गात कुजबुज सुरू झाली. ती मुलगी एवढंच म्हणाली, "मग काढायचे ना, टीचर?"

त्याच संध्याकाळी सासऱ्यांना म्हटलं, सगळी आळी उकरणार आहे, आणि पाणी तपासून येईपर्यंत विहिरीचं कोणी प्यायचं नाही. ते भडकले.

"जन्मभर ह्याच विहिरीचं पानी पितोय मी. काय झालं मला? मुळं तोडशील माझ्या माडांची!"

"एखादं तुटेल, बाबा. पण सेल काढल्याशिवाय मी राहणार नाही."

आठवडाभर शाळेतून आले की हातमोजे चढवायचे आणि उकरत बसायचं. तळहाताला फोड आले. सासरे माझ्याशी बोलेनात. रविवारी ती मुलगी आईला घेऊन आली, वर्गातला खोका काखेत घेऊन. हातमोजे घालून माझ्या शेजारी बसली. सासरे पडवीतून बघत होते, मग खुरपं घेऊन खाली उतरले.

"तिथं नाय, इथं." कुठल्या माडाला काय घातलंय ते त्यांनाच ठाऊक. मुळाला धक्का न लावता ते एकेक सेल वर काढत गेले आणि मुलगी खोक्यात ठेवत गेली.

दुपारी तिने पडवीत टांगलेल्या, रात्री उजेडाला लागणाऱ्या त्यांच्या बॅटरीकडे बोट दाखवलं. "आजोबा, हिच्यातले पण द्या ना."

"चालू हायत अजून. संपले की तुझ्याच हातात देईन," सासरे म्हणाले. "तुझ्या टीचरच्या नाय. ती खोटं बोलते."

मी मान खाली घालून पुढचं आळं उकरायला घेतलं.