मासळीवालीचा फिशटँक

मालवणच्या समुद्रातल्या प्रत्येक माशाला जन्मात एकदा तरी आमच्या मासळीवाल्या मावशीच्या पाटीतून जावं लागतं, अशी लहानपणी माझी ठाम समजूत होती, आणि आता पन्नाशी उलटली तरी ती काही पुरती गेलेली नाही. आमच्या घराला तिने पस्तीस वर्षं मासे घातले. विकले असं मी म्हणत नाही, कारण विकण्यात घेणाऱ्याची मर्जी धरलेली असते, आणि मावशीच्या लेखी गिऱ्हाइकाला मर्जी नावाची गोष्ट नव्हती. सकाळी बाजारात जाण्याआधी ती आमच्या पायरीवर पाटी टेकायची, माझ्यावर आणि वडिलांवर एकदा नजर फिरवायची आणि आईला निकाल सांगायची. "वयनी, आज बांगडो नको. झिलाचा तोंड उतरला हा. पेडवे घे नि पातळ सार कर." आईच्या मनात सकाळपासून बांगडाच असायचा, पण तोवर बांगड्यांवर फडकं पडलेलं असायचं. एकदा वडिलांनी हट्टाला पेटून सुरमई मागितली, तर "सुरमय तुमका पचाची नाय" म्हणून मावशीने ती उचलून समोरच्या घरात दिली. त्या दिवशी वडील समोरून येणारा तळणीचा वास घेत मुकाट पेडवे जेवले.

दुसरी गोष्ट तिची स्वच्छता. मासळीच्या बाईला वास येतो असं कुणी म्हटलेलं तिला खपत नसे, आणि कुणी म्हणायच्या आधीच तिला ते ऐकू यायचं. बाजार उठला की पाटी, कोयता, लाकडी ठोकळा, बसायचा पाट, सगळं विहिरीवर नेऊन ती काथ्याने आणि राखेने घासत बसायची. मग स्वतःला घासायची. मग केसात चाफा माळून घरी जायची. माझ्या लग्नात तिने बायकोच्या हातात आहेर दिला, तेव्हा बायकोने नंतर मला हळूच विचारलं होतं, "या बाईंची फुलांची बाग आहे का हो?" मी ते मावशीला सांगितलं. पुढचे आठ दिवस आमच्याकडे पापलेट आलं, तेही न मागता.

तर अशा या मावशीचे तीन वर्षांपूर्वी गुडघे गेले. ऑपरेशन झालं, आणि बुटक्या पाटावर बसणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. बाजारातली जागा सुनेकडे गेली. सून गुणी आहे, गिऱ्हाइकाला हवं ते देते. मावशीच्या मते धंद्याची वाट लागणं म्हणतात ते यालाच. ती घरात खुर्चीवर बसून राहायची आणि तिचे हात मांडीवर सारखे माशाची खवलं काढल्यासारखे हलत राहायचे. मला ते बघवत नसे. मी शाळेतून येताना रोज तिच्याकडे डोकावायचो, दोन शिव्या खायचो आणि घरी यायचो.

तिची मुलगी दोडामार्गला दिली आहे, आणि जावई रोज तिथून गोव्यातल्या एका हॉटेलात कामाला जातो. हॉटेल नव्याने सजवलं तेव्हा तिथला जुना फिशटँक अडगळीत निघाला, आणि सासूचा वेळ जाईल म्हणून त्याने तो टेम्पोत घालून आणून दिला. चांगली तीन फुटांची काचेची पेटी. मी गेलो तेव्हा मावशी तिच्याभोवती काठी टेकत फिरत होती.

"मास्तरा, ह्येच्यात मासो ठेवतत?"

"हो."

"मगे बर्फ खंय घालतत?"

जिवंत मासे असतात, ते नुसते फिरत असतात, आपण बसून बघायचं, असं मी सांगितलं. "नुसते बघूचे?" तिने दोनदा विचारलं.  मग स्वतःशीच म्हणाली, "खरा हा रे. मी जितो मासो नीट असो बघूकच नाय कधी. होडयेतसून येता तो मेलेलो, नायतर मरत इलेलो. माझ्या हाताक तितकोच म्हायत." आणि हात पुढे धरून बघत म्हणाली, "बघूया तरी, जगता काय."

मी मराठीचा मास्तर. माशांबद्दल मला तळलेले आणि आमटीतले यापलीकडे ज्ञान नाही. पण मावशीच्या हिशेबात शिकलेला माणूस सगळंच शिकलेला असतो, त्यामुळे रविवारी मला तिच्याबरोबर कुडाळला शोभेच्या माशांच्या दुकानात जावं लागलं. दुकानदार चाळिशीतला, हळू बोलणारा गृहस्थ. मावशीने पहिल्याच काचेपाशी थांबून बोट दाखवलं, "ह्येचे कल्ले दाखव."

"मावशी, तो पोहतोय."

"पोवता ता माका दिसता. ताजो आसा काय ता सांग."

त्याने बिचाऱ्याने ताजा आहे असं सांगितलं. मग मावशीने पिशवीतून समुद्राच्या पाण्याने भरलेला कॅन काढला आणि मासे यात घाल म्हणाली. हे गोड्या पाण्यातले मासे आहेत, खाऱ्यात मरतील, असं तो म्हणाला, आणि मावशीचा चेहरा पडला. आमच्या किनाऱ्यावर गोड्या पाण्यातल्या माशाला कुणी मासा म्हणत नाही, तो असतो एवढंच कबूल करतात. शेवटी गप्पी नावाचे सहा इवलेसे मासे तिने निवडले, मोठ्या शेपट्यांचे, निळे-नारिंगी. दुकानदार म्हणाला, आधी महिनाभर टँक नुसता चालू ठेवा, मासे नंतर न्या. तर मावशी म्हणते, "रिकामी पाटी घेवन बसलेली बाय कधी बघलंस? लोक काय म्हणतले?" तो दोन वेळा समजावून थकला. सहा मासे पिशवीत पडल्यावर मावशीने आणखी एक वर घालायला लावला. बाजाराची रीत आहे, वर एक पडल्याशिवाय ती पिशवीला हात लावणार नव्हती.

पाचव्या दिवशी सातही मासे मेले. आता यात माझाही हात आहे, ते लपवत नाही. मावशी सकाळ-संध्याकाळ मासे तांब्यात काढून ठेवायची, पाणी ओतून टाकायची, काचा, वाळू, खडे, सगळं काथ्याने लख्ख घासायची आणि नव्या पाण्यात मासे परत सोडायची. मी जाता-येता तो टँक बघून "वा मावशी, आरसा केलास" असं म्हणत होतो. मासे मेल्यावर तिने मला धरून पुन्हा कुडाळला नेलं आणि दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली, "शिळी मासळी दिलंस माका."

दुकानदार चिडला नाही. तुम्ही काय काय केलंत, असं त्याने विचारलं.

"काय म्हंजे? धुतलंय."

"किती वेळा?"

"सकाळ-सांज. माझ्याकडे घाण नाय चलाची."

त्याने स्टूल पुढे करून तिला बसवलं आणि हळूहळू सांगितलं. मासा पाण्यातच घाण करतो, त्या घाणीचं विष होतं. ते विष खाणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव खड्यांवर, काचेवर, फिल्टरमध्ये वाढतात, त्यांना वाढायला महिना लागतो. तुम्ही त्यांना दिवसातून दोनदा घासून टाकत होतात. मावशीने विचारलं, मग आता काय करायचं? तो म्हणाला, काही नाही. पाणी भरा, पंप चालू करा, त्या जीवांसाठी चिमूटभर खाणं टाकत जा आणि महिनाभर हात लावू नका.

परतीच्या एस्टीत ती खिडकीशी बसली होती. धामापूरचं तळं आलं, ऊन पाण्यावर पडलेलं होतं, तिकडे बघत ती म्हणाली, "माझ्या हातात मासो जगाचो नाय रे मास्तरा. जल्मभर मेलेलोच धरलंय." एरवी तिच्या बोलण्यावर मला टोमणा सुचतो. त्या दिवशी मी तिच्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिलो. पस्तीस वर्षं या बाईच्या हातचं खाऊन आमचं घर वाढलं, आणि त्या हातांविषयी तिच्या मनात असं काही असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

तरी घरी जाऊन तिने टँक भरलाच. आणि मग तो महिना सुरू झाला, ज्याची मला अजून आठवण येते. मासा एक नाही. खडे, पाणी आणि एका कोपऱ्यातून वर जाणारे बुडबुडे. पहिले दोन दिवस मावशीने टँकवर जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं, शेजारणींनी बघू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ, दुधाळ झालं, तिचा हात काथ्याकडे गेला, आणि सुनेने तो काथ्या उचलून माडाच्या बुंध्याशी टाकून दिला. सासूसमोर तिने उचललेलं ते पहिलं पाऊल. मावशीने तो परत आणला नाही. पुढच्या आठवड्यात पाणी आपोआप निवळलं. कुणी न घासता निवळलेलं पाणी मावशीने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं असावं, कारण तिने लुगडं काढलं आणि खुर्ची टँकसमोर ओढून घेतली.

दुपारी चारच्या सुमाराला तिच्या पडवीत माडांच्या झावळ्यांतून ऊन येतं आणि त्या पाण्यात उतरतं. मग समोरच्या भिंतीवर पाण्याचा उजेड हलत राहतो. मी शाळा सुटली की जाऊन तिच्या शेजारी बसायचो. बायको विचारायची, कुठे होतात? मी म्हणायचो, मावशीचं पाणी बघत होतो. शेजारीपाजारीही यायला लागले. "मासो खंय?" असं कुणी विचारलं की मावशी म्हणायची, "वगी रव. पाणी तयार होता हा." आणि ते लोक, बाजारात गळा फाडून ओरडणारे लोक, खरोखर गप्प होऊन बसायचे. बुडबुड्यांचा आवाज, लांबून समुद्राचा, आणि मध्येच कुणीतरी जांभई दिल्याचा. मी नक्की काय बघत होतो ते मला विचारू नका. नोकरीतल्या अठ्ठावीस वर्षांत तेवढं शांत मला कधी वाटलं नव्हतं.

महिन्याने चार गप्पी आले. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची, घाई करायची नाही, हे दुकानदाराने सांगितलेलं मावशीने तंतोतंत पाळलं. मासे सोडले, आणि मग ती दोन्ही हात पदराखाली दाबून बसली. "चुकान हात लागात म्हणान," ती म्हणाली. दहा दिवस ती तशी बसली होती. सुनेने तिला भरवायचंच तेवढं बाकी होतं. सोमवारी ती माशांना खाणं घालत नसे, आमच्याकडे सोमवार कडक असतो, तो त्यांनीही पाळावा असं तिचं मत. मला वाटलं, झालं, आता उपासाने मारते. दुकानदाराला भीत भीत सांगितलं तर तो म्हणाला, आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं ठेवलेलं माशांना चांगलंच. मावशीला मी हे कळवलं नाही. नाहीतर तिने गुरुवारही धरला असता.

अकराव्या दिवशी मी गेलो तेव्हा तिचे हात पदराबाहेर, मांडीवर उताणे पडले होते आणि हलत नव्हते. चारही मासे टँकमध्ये फिरत होते. आम्ही त्याविषयी काही बोललो नाही, दृष्ट लागते.

याला आता दोन वर्षं होऊन गेली. माद्यांना पिल्लं झाली, त्यांची पिल्लं झाली, मावशीने ती निम्म्या मालवणात वाटली, कुणाला किती द्यायची ते अर्थात तिनेच ठरवलं. पण तिचा जीव होता तो पहिल्या चारांतल्या एका निळ्या नरावर. गेल्या काही महिन्यांत त्याचा रंग उतरला, शेपटीच्या कडा विरल्या, पाठ वाकली. तो तळाशी एका खड्याच्या आडोशाला थांबायचा. वर येऊन खाणं घेणं त्याला जमेना, तेव्हा मावशी खाणं दोन बोटांत बारीक चुरून, नळीने नेमकं त्याच्या तोंडाशी सोडायची. मला वाटलं त्याला रोग झाला आहे. मी कुडाळला फोन लावला. दुकानदाराने लक्षणं ऐकून घेतली आणि म्हणाला, रोग नाही मास्तर, वय झालं त्याचं. मी ते मावशीला सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, "वय?" आणि मग त्याच्याकडे बघतच राहिली.

परवा संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो गेला होता. मावशीने त्याला जाळीने काढून तळहातावर घेतलं होतं, तळहात थोडा ओला करून. मला वाटलं ती आता म्हणणार, बघ, मेलोच. मी मनातल्या मनात चार शब्द जुळवत पायरीवर बसलो. पण ती रडत नव्हती. त्याची वाकलेली पाठ ती बोटाने हळू सरळ करून बघत होती.

"म्हातारो होवन गेलो रे," ती म्हणाली. "कोणी मारूक नाय, कोणी धरूक नाय. आपल्या वेळेक गेलो. लाखांनी मासे ह्या हातांतसून गेले आसतले मास्तरा, पण म्हातारो झालेलो मासो मी कधी बघूकच नव्हतंय."

 ती आणखी थोडा वेळ हातातल्या माशाकडे बघत होती. मग म्हणाली, "बरो दिसता रे म्हातारो मासो."