मावशीचं नाव फुटपाथवर

इचिकावात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक जर्मन आजी राहतात. लग्न करून जपानमध्ये आल्या, नवरा गेला तरी इथेच राहिल्या. एकदा मी गरम थालीपीठ घेऊन गेले, तर हॅम्बर्गच्या भाच्याचा फोन नुकताच झालेला आणि आजींचा चेहरा उतरलेला. त्यांनी कधी न पाहिलेली त्यांची मावशी ज्यू होती, म्हणून नाझींनी तिला घरातून उचलून नेलं आणि मारलं. जर्मनीत अशा माणसांच्या आठवणीसाठी बसवतात तसा, तिच्या नावाचा पितळी पत्रा मढवलेला छोटा दगड त्या घरासमोरच्या फुटपाथमध्ये बसवायचं चाललं होतं. आजींचा होकार तेवढा हवा होता.

"फुटपाथवर? म्हणजे लोक बुटांनी तुडवणार?" मी बोलून मोकळी. माझ्या जिभेला हाड नाही. पण कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं आम्ही. आजींनाही इतकी वर्षं इथे काढून दारातच बूट काढायची सवय मुरलेली. म्हणाल्या, "खरंय तुझं. नको म्हणून कळवते."

घरी आले, पण चैन पडेना. त्या बाईची कबर कुठेच नाही. नावाला एक जागा मिळत होती, ती माझ्या आगाऊपणानं चालली.

भांडी घासताना माझी आत्या आठवली. तिनं जिवंतपणीच गावच्या देवळात स्वतःच्या नावाची फरशी बसवून घेतली, तीही थेट दारात. वडील चिडले, तर म्हणाली, "भिंतीवरचं कोण वाचतंय? इथे येणाऱ्याजाणाऱ्याची पायधूळ लागेल. तेवढीच सोबत." आम्ही आजही तिच्यावर पाय देऊनच आत जातो.

तशीच ओल्या हातांनी समोर गेले. माझ्या मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. मागोमाग आलेली लेक मधूनमधून माझ्या चुका सुधारत होती. आजींनी तिथल्या तिथे भाच्याला फोन लावला.

दगड बसला त्या दिवशी आजींनी मला बोलावून घेतलं. भाचा व्हिडिओवर दाखवत होता. पितळ लखलखत होतं, आणि जमलेली माणसं अदबीनं वळसा घालून जात होती. आजींना ते बघवेना. त्या जर्मनमध्ये काहीतरी बोलल्या. भाचा जरा घुटमळला, मग हळूच दगडावर जाऊन उभा राहिला.

"काय सांगितलंत त्याला?" मी विचारलं.

"म्हटलं, तिच्याकडे फार वर्षांत कुणी आलेलं नाही. लांबून जाऊ नका."