गुरुसिद्धप्पांची बधिर बोटं

परभणीच्या मोंढ्यामागं गुरुसिद्धप्पांचं पत्र्याचं दुकान आहे आणि त्याला लागूनच घर. जुनी ऑइल इंजिनं उघडायची आणि पुन्हा बांधायची, हेच काम त्यांनी जन्मभर केलं. हल्ली असं काम क्वचितच येतं आणि आलं तरी त्यांना हुरूप वाटत नाही. सकाळी उठतात तेच दमलेले. त्यात गेल्या पावसाळ्यापासून एक नवंच झालं होतं, ते त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. पूजेला डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेतलं, की ते हातावर टेकलंय की नाही हे डोळ्यांनी बघावं लागे. बोटांना काही कळेनासं झालं होतं.

अशात पिंगळीचे व्यंकटराव वडिलांच्या वेळचं इंजिन टेम्पोत घालून घेऊन आले. विहिरीवर वीज आल्यापासून ते गोठ्यात पडून होतं.

"मोटर हाय, पर लाइटीचा भरवसा न्हाई, अप्पा. एवढं चालू करून द्या. दुसरं कुणी हात लावंना त्याला."

नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. अप्पांनी इंजिन उतरवून घेतलं.

आतला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, चांगला निघाला, पण कनेक्टिंग रॉड त्याला जिथं धरतो तिथली बेरिंग झिजली होती. बेरिंग म्हणजे दोन अर्धगोल वाट्या. तसल्या वाट्या आता मिळत नाहीत. नांदेडच्या एका जुन्या दुकानदाराकडे एकच जोडी शिल्लक होती, ती व्यंकटराव स्वतः जाऊन घेऊन आले. अप्पांनी क्रँकला निळा रंग लावून वाट्या बसवल्या, क्रँक फिरवला आणि रंग जिथं दाट उमटला तिथं हलकेच खरवडलं. मग आत शिशाची बारीक तार दाबून फट मोजली. बरोबर होती. सगळं उघडून पुसलं, तेल लावलं, बोल्ट आवळले आणि इंजिनाच्या मोठ्या चाकाला हात घातला.

चाक अर्धा फेरा फिरून अडलं.

त्यांनी उघडून पुन्हा पुसलं. पुन्हा आवळलं. चाक तिथंच अडलं. मघाशी फट बरोबर होती, म्हणजे नंतर आत काहीतरी शिरलं होतं. तसंच रेटून इंजिन चालू केलं असतं तर ती एकुलती जोडी जळून गेली असती. अप्पा सगळं पुन्हा उघडून त्याच्यासमोर बसून राहिले.

त्यांची बायको चन्नबसम्मा मोंढ्यातून धान्य निवडून आली होती. चहा ठेवून बराच वेळ झाला तरी अप्पा उठेनात, म्हणून ती कंबर धरतच दुकानात आली.

"अवं, चहा निवला. काय बघायलाव मघापासून?"

"अडकायलंय कुठंतरी."

"पुसलं न्हाई का नीट?"

"पुसलंय की."

ती खाली बसली. जिथं वाटी बसते त्या खोबणीवरून तिनं बोट फिरवलं, सुपातल्या डाळीवरून फिरवावं तसं.

"हितं टोचायलंय."

"कुठं?"

"हितं. बोट लावा की."

अप्पांनी बोट लावलं. पुढंमागं फिरवलं. त्यांना काहीच लागलं नाही. चन्नबसम्मानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग बोटाकडे. टोकावर मोठा फोड होता.

"हे कवा भाजलं?"

"कळलं न्हाई."

"भाजल्यालं कळलं न्हाई?"

अप्पांनी बोट आखडून घेतलं. मग म्हणाले, "पावसाळ्यापासून बोटं मेल्यासारखी झाल्यात. दोनी हातांची."

"आन मला सांगितलं न्हाई."

"काय सांगू? तुजी कंबर, माजे हात. एका घरात किती दुखणी काढायची?"

भांडावं असं तिला वाटलं, पण तेवढा जोर नव्हता. तिनं हात धुतले आणि नखानं त्या जागेवरचा लोखंडाचा बारीक कीस काढला. मग अप्पा सांगत गेले आणि ती एकेक जागा पुसून, चाचपून बघत गेली. वाटीच्या पाठीमागूनसुद्धा.

"पाठ कोरडी ठेव. आता आतून तेल लाव, सगळीकडं. कोरडं ऱ्हायलं तर चालू केल्या केल्या जळतंय."

तिनं बोटानं तेल पसरलं. अप्पांनी बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळले आणि चाक तिलाच फिरवायला लावलं.

"कसं लागायलंय?"

"जड हाय. पर सारखं फिरायलंय, अडकंना."

मग अप्पांनी स्वतः चाक फिरवून बघितलं आणि ते तिथंच भिंतीला टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. शुगर लय वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या. बोटं पहिल्यासारखी होतीलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. 

व्यंकटराव आले तेव्हा इंजिन काळा धूर ओकून ठक ठक करत चालू झालं. त्यांनी वडिलांचं नाव घेऊन हात जोडले.

"मानवतला आमच्या दिनकररावाकडं असंच एक पडून हाय. या हप्त्यात पाठवू का?"

अप्पांनी बायकोकडे पाहिलं. ती उपड्या डब्यावर बसली होती.

"पाठवा," ती म्हणाली, "पर आता न्हाई. दिवाळी होऊ द्या. आमाला आदी झोपू द्या जरा."

व्यंकटराव हसले. तिनं मात्र ते खरंच म्हटलं होतं. टेम्पो मोंढ्याच्या रस्त्याला लागल्यावर अप्पांनी भर दुपारी दुकान बंद केलं आणि दोघं घरात जाऊन आडवी झाली.