चहाच्या वेळी येणारा मुलगा

माझ्या मुलीचा आवडता कोरियन गायक सैन्यात गेला आणि त्यानंतरच्याच आठवड्यात त्याचं नवं गाणं आलं. हे कसं, ते मला कळेना.

"तिकडे सगळ्या मुलांना जावंच लागतं, बाबा. जायच्या आधी सगळं रेकॉर्ड करून ठेवलंय त्याने. चिल."

कॅनडातल्या ग्वेल्फच्या आमच्या बेसमेंटमध्ये कपड्यांच्या घड्या घालता घालता मी त्याची सगळी कारकीर्द तिच्याकडून ऐकली आणि पाहिली होती. शाळकरी वयात कंपनीने निवडलेला पोरगा. वर्षानुवर्षं आरशांच्या खोलीत नाच शिकला. मग एका ग्रुपमध्ये मागच्या रांगेत उभा राहिला. ग्रुप फुटल्यावर मालिकांत आला: आधी नायिकेचा शेजारी, मग नायकाचा मित्र, आणि शेवटी रोज संध्याकाळी घरी जेवायला येणारा मेलेला भाऊ. त्या भूमिकेने तो स्टार झाला.

तो बराकीत होता आणि बाहेर त्याची गाणी, जाहिराती, एक अख्खी मालिका येत राहिली. वाढदिवसाला चाहत्यांसाठी व्हिडिओ आला. त्यात तो कॅमेऱ्याकडे बघून विचारतो, जेवलात का? आणि थांबतो. ऐकल्यासारखी मान हलवतो, हसतो, पुढचं विचारतो. त्या थांबण्यात माझी मुलगी खरोखर उत्तर द्यायची. माझ्या अंगावर काटा आला. कल्पनाही तेव्हाच सुचली, हे कबूल करायला हवं.

आई नागपूरला थोरल्या भावाकडे असते. तिची स्मृती विरत चालली होती. दुपारच्या चहाला माझा फोन आला नाही तर ती कपाला हात लावत नसे. तिची ती वेळ म्हणजे इथली पहाट, आणि टोरोंटोची नोकरी लागल्यापासून मी पहाटे गाडी पकडायला धावत असायचो. एका रविवारी मी निळा स्वेटर घातला आणि मुलीला मोबाइल धरायला लावला. "आई, जेवली का?" थांबलो. "गुडघे काय म्हणतात?" थांबलो. असे पुष्कळ व्हिडिओ करून वहिनीला पाठवले. वहिनी रोज चहाच्या वेळी एकेक टीव्हीवर लावू लागली.

थोड्या दिवसांनी वहिनी म्हणाली, "भाऊजी, आई त्याच्याशी बरोबर बोलतात. तो थांबते तेवढंच. एक शब्द जास्त नाही."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. 'त्याच्याशी' हा शब्द खटकायला हवा होता. नंतर मी रविवारीही फोन करीनासा झालो. वहिनीने एकदा टोमणा मारला, "तुम्ही पण येत जा ना कधी. तुमचा जुळा तर रोज येऊन राहिला."

दीडएक वर्षाने गायक परतला. टोरोंटोत त्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी मुलीला घेऊन गेलो. त्याचे गाल बसले होते, आवाज खाली उतरला होता. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर मात्र जायच्या आधीचा तो होता, तुकतुकीत. खालचा गात होता आणि सगळे मोबाइल वरच्याकडे रोखलेले. परतीच्या वाटेवर मुलगी मोबाइलवर त्याचे जुने व्हिडिओ बघत होती. मग म्हणाली, "तो नव्हता तेव्हा जास्त चांगला होता, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि आईच्या चहाच्या वेळी स्वतः व्हिडिओ कॉल लावला.

"आई, मी."

आईने स्क्रीनकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "कोण होय?"

"तुमचा धाकटा ना, आई."

"काही पण! केस पाह्य बरं याचे, किती पांढरे." पाहुण्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने ती बोलत होती. "टीव्ही लाव. त्याची यायची वेळ झाली."

"भाऊजी, लावू का?" वहिनीने विचारलं. "नाही लावला तर चहा घेत नाही त्या, मग जेवत पण नाही."

"आज नका लावू. मी आहे ना."

मी आईला आठवण करून दिली. लहानपणी मी कण्हेरीच्या झुडपामागे लपलो होतो आणि ती हाका मारत गल्लीभर फिरली होती. मी कुठे सापडलो, हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिने आदराने ऐकून घेतलं.

"हो का? त्यानं सांगितलं असंल तुम्हाला."

चहावर साय धरली. मी म्हणालो, "लावा, वहिनी."

तिने मोबाइल टीपॉयवर बशीला टेकवून ठेवला. समोर टीव्हीवर निळा स्वेटर आला. "आई, जेवली का?"

"जेवली रे बापा. एक म्हातारा आला आहे, माझा मुलगा म्हणते स्वतःला."

तो हसला. रेकॉर्ड करताना मुलीने मोबाइलमागून वाकडं तोंड केलं म्हणून मी तिथे हसलो होतो, हे मला पक्कं माहीत आहे. आईही हसली आणि तिने कप उचलला.

आता मी उशिराची गाडी घेतो आणि रोज कॉल लावतो. वहिनी मला बशीशी उभं करते. मी बोलत नाही. तो विचारतो, थांबतो, आई बोलते. काल मध्येच ती माझ्याकडे वळली.

"तुम्ही जेवले का?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने गुडघ्यांचं विचारलं, आणि ती तिकडे वळली.