हात तिचे, चेहरा दुसरीचा

मेकअपवाल्याने माझ्या सायलीचा हात मनगटाला धरला आणि मुंबईहून आलेल्या एका गोऱ्या मुलीच्या गालाशी नेऊन लावला. रंग जुळवायला. "अजून एक हात मारावा लागेल," म्हणाला, आणि त्या मुलीच्या गालाला तपकिरी रंग फासू लागला. सायली हलली नाही. तिला वाटलं, आता आपला मेकअप.

अर्नाळ्यात, आमच्याच अंगणात झालं हे. मी मासे विकते. सायली अकरा वर्षांची.

सर विरारला अभिनयाचा क्लास घेतात. शेजारच्याच गावचे, म्हणून मी विश्वास टाकला. वर्षभर दर रविवारी बाजार लवकर आटपून पोरीला घेऊन जायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, ताई, माशांची पाटी बाहेर जिन्यात ठेवा, वास येतो. ठेवली. पोरीसाठी गिळलं. सायलीला त्यांनी सांगितलं, ही गावठी बोली सोड, नाहीतर पुढे जाणार नाहीस. तिने सोडली. घरात माझ्याशीसुद्धा पुस्तकातलं बोलायला लागली, आणि मी मूर्ख, शेजारणींना ते कौतुकाने ऐकवत बसले.

मग एक दिवस सर घरी आले. कोळ्यांच्या मुलीवर सिनेमा आहे, म्हणाले, आणि मुख्य काम सायलीचं. माझ्या हातचं बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलं. शूटिंगला अंगण द्याल ना, असं विचारलं. मी लगेच हो म्हटलं.

शूटिंगच्या चार दिवस आधी ती दुसरी मुलगी आली. ही मैत्रिणीचं काम करणार, सर म्हणाले, तिला जरा तुमचं बोलणं शिकवा. चालणं, डोक्यावर पाटी घेणं. सायली कंटाळली की मीच रागवायचे. पाहुणी आहे, नीट शिकव. माझ्या पोरीचं काम मीच दुसरीच्या पदरात टाकत होते.

त्या सकाळी, रंग जुळवून झाल्यावर, मी सरांना विचारलं, मुख्य काम सायलीचंच ना? मोबाइलमधून मान वर न करता ते म्हणाले, "मावशी, वरून ठरलंय. त्या मुलीचा चेहरा चालतो." कालपर्यंत मी ताई होते.

पण त्या मुलीला बोंबील हातात धरवेना. ओले बोंबील आम्ही जोडीने वाळत घालतो. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि काठीच्या दोन बाजूंना दोघांना सोडायचं. दात बोटांना लागतात. ती रडायला लागली. तेव्हा सर गोड आवाज काढून सायलीकडे आले. नुसते तुझे हात घेऊ, म्हणाले. चेहरा तिचा दाखवू.

सायली गेली. बोंबील उचलले. कॅमेरा तिच्या बोटांवर आला. मी मात्र तिच्या तोंडाकडे बघत होते. ती अभिनय करत होती. वर्षभर शिकलेलं सगळं त्या चेहऱ्यावर होतं, आणि कॅमेरा खाली, हातांवर.

मी मध्ये गेले. तिच्या हातातली जोडी काढून घेतली.

"हात पन नाय मिलनार," मी म्हटलं. "माज्या अंगनातून उठा."

पोरीचं वाटोळं करताय, सर म्हणाले, तिला आता कोणी दारात उभं करणार नाही. शूटिंगचं सामान गेलं. गावाचं नाव झालं असतं, म्हणून दोन शेजारणी अजून माझ्याशी बोलत नाहीत. सायलीही तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली, ती आमच्या बोलीत.

"आये, मना काम येत नव्हता का?"

"येत होता. त्यांना बघायचा नव्हता."

पुढच्या ऑडिशनला मीच तिला नेणार आहे. बाजारातून थेट. पाटी जिन्यात ठेवणार नाही. ज्याला तिचे हात हवेत, त्याने आधी तिच्या तोंडाकडे बघायचं. तोवर माझ्या अंगणात कॅमेरा लागणार नाही.